मृद व जलसंधारणाचे प्रशिक्षण : कोठे घ्यावे, काय शिकावे?

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून गेला की शेताच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन ओघळीचे पाणी ओंजळीत घेऊन पाहावे. पाणी गढूळ असेल तर आपल्या शेतातील सर्वांत कसदार माती शेत सोडून चालली आहे, असे समजावे. खत, बियाणे, औषध यांवर केलेला खर्च आपण वहीत लिहितो. मात्र वाहून गेलेल्या मातीचा आणि पाण्याचा खर्च कोणीच लिहून ठेवत नाही. तो एकदा मांडून पाहू.

एक हेक्टर क्षेत्रावर १ मि.मी. पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर, अर्थात १० हजार लिटर पाणी पडले. एका दिवसात ५० मि.मी. पाऊस झाला तर हेच पाणी ५ लाख लिटर होते. त्यापैकी ३० टक्के पाणी वाहून गेले असे धरले तर दीड लाख लिटर पाणी, म्हणजे १० हजार लिटरचे १५ टँकर, एका हेक्टरमधून एका पावसात निघून गेले. मातीचा हिशेबही असाच आहे. एक हेक्टरवरील मातीचा फक्त १ मि.मी. जाडीचा थर वाहून गेला तरी १० घनमीटर, म्हणजे साधारण साडेतीन ब्रास माती जाते. तिचे वजन सुमारे १३ टन भरते. एवढा पातळ थर गेलेला डोळ्यांना दिसत नाही, पण तो पुन्हा तयार होण्यास कित्येक वर्षे लागतात.

हे नुकसान थांबविण्याची कामे कोणती, हे बहुतेकांना ऐकून माहीत आहे. परंतु ऐकून माहीत असणे आणि स्वतःच्या हाताने अचूक करता येणे यांत मोठे अंतर आहे. हे अंतर प्रशिक्षणाने भरून निघते. असे प्रशिक्षण कोठे मिळते, त्यात काय शिकून घ्यावे आणि जाण्यापूर्वी कोणती तयारी करावी, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

प्रशिक्षणाची गरज का?

महाराष्ट्रात मृदसंधारणाची कामे नवीन नाहीत. जुन्या मुंबई राज्यात १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला व त्याखाली बांधबंदिस्तीची कामे झाली. १९७२ च्या दुष्काळात हजारो हातांनी बांध घातले. १९८३ पासून सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रमात एकेक बांध न पाहता संपूर्ण पाणलोट क्षेत्राचा विचार होऊ लागला. १९९२ मध्ये जलसंधारणासाठी स्वतंत्र खाते झाले. पुढे जलयुक्त शिवारसारख्या योजना आल्या.

एवढी कामे होऊनही अनेक शिवारांत फुटलेले बांध, गाळाने भरलेले बंधारे आणि कोरडी शेततळी दिसतात. याचे एक मोठे कारण असे की, मोजणी दुसऱ्याने केली, यंत्र तिसऱ्याचे आले आणि ज्याचे शेत तो मालक बांधावर उभा राहून पाहत राहिला. बांध याच रेषेवर का घातला, सांडवा याच जागी का ठेवला, हे त्याला कोणी समजावून सांगितले नाही. साहजिकच पुढील वर्षी नांगरताना बांध थोडा कापला गेला, तिसऱ्या वर्षी सांडव्यात माती पडली आणि चौथ्या वर्षी मोठ्या पावसात बांध फुटला.

चुकीचे काम हे काम न करण्यापेक्षा अधिक घातक ठरू शकते. बांध नसेल तर पाणी पसरून वाहते. चुकीचा बांध असेल तर ते एका जागी साठते, तेथून फुटते आणि एकाच ठिकाणी मोठी घळ पाडून जाते. ही घळ पुष्कळदा आपल्या शेतात न पडता खालच्या शेजाऱ्याच्या शेतात पडते. बांधावरून होणारी किती भांडणे पाण्याच्या अशा चुकीच्या वाटेमुळे सुरू होतात, हे आपणास वेगळे सांगावयास नको. पाण्याला गट नंबर कळत नाही, ते फक्त उतार ओळखते. म्हणून प्रशिक्षणाचा पहिला धडा उताराचा आहे.

प्रशिक्षणात काय शिकून घ्यावे?

१) उतार मोजणे व समपातळी रेषा आखणे : डोळ्यांनी केलेला उताराचा अंदाज हमखास चुकतो. पाण्याच्या नळीने उतार मोजणे सोपे व स्वस्त आहे. सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या सारख्या उंचीच्या दोन काठ्या घ्याव्यात. त्यांना २० मीटरपेक्षा थोडी अधिक लांबीची पारदर्शक नळी बांधून तीत पाणी भरावे. नळीत हवेचे बुडबुडे राहू देऊ नयेत. काठ्या उताराच्या दिशेने २० मीटर अंतरावर उभ्या केल्यावर दोन्हीकडील पाण्याच्या पातळीच्या आकड्यांत ४० सें.मी. फरक आला, तर उतार २ टक्के आहे. समपातळी रेषा आखावयाची असेल तर दोन्हीकडे सारखा आकडा येईपर्यंत दुसरी काठी पुढे-मागे सरकवावी. आकडा जुळला की तेथे खुंटी ठोकावी आणि अशा खुंट्या फक्कीने जोडाव्यात.

इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची लाकडी चौकट व ओळंबा वापरूनही हे काम एकट्याला करता येते. मात्र चौकट वापरण्यापूर्वी तपासून घ्यावी. दोन खुंट्यांवर तिचे पाय ठेवून ओळंब्याच्या दोरीची खूण आडव्या पट्टीवर करावी. नंतर पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करावी. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्यावर येते ती खरी पातळीची खूण होय. या दोन्ही पद्धती प्रशिक्षणात स्वतः हाताळून पाहिल्याशिवाय परत येऊ नये.

२) जमिनीनुसार उपचार निवडणे : एका गावात चांगले ठरलेले काम दुसऱ्या गावात चालेलच असे नाही. कमी पावसाच्या भागातील हलक्या ते मध्यम जमिनीत समपातळी बांध उपयोगी पडतात. भारी काळ्या जमिनीत मात्र अशा बांधाच्या वरच्या बाजूला पाणी तुंबते, पीक पिवळे पडते आणि उन्हाळ्यात बांधाला भेगा जाऊन तो पुढील पावसात फुटतो. अशा जमिनीत जादा पाणी सावकाश बाहेर काढणारे ढाळीचे बांध योग्य ठरतात. त्यांना १०० मीटर लांबीस साधारण २० ते ४० सें.मी. एवढाच ढाळ देतात. कोकणात डोंगरउतारावर मजगीकरणाचा विचार करावा लागतो. आपली जमीन यापैकी कोणत्या प्रकारात मोडते, हे प्रशिक्षणात विचारून घ्यावे.

३) मूलस्थानी जलसंधारण : पाऊस जेथे पडतो तेथेच मुरविणे, हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे. उताराला आडवी नांगरट व पेरणी, सरी-वरंबा, सोयाबीनसारख्या पिकासाठी रुंद वरंबा सरी पद्धत, पिकात ठराविक ओळींनंतर काढलेल्या मृतसऱ्या ही सर्व कामे आपल्याच औजारांनी करता येतात. रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात पावसाळ्यात मोकळ्या असलेल्या जमिनीत १० × १० मीटर आकाराचे कप्पे पाडून पाणी मुरविण्याची शिफारस आहे. या पद्धतींना मोठे यंत्र लागत नाही. वेळ साधणे व दिशा बरोबर ठेवणे एवढेच लागते.

४) सांडवा व देखभाल : प्रत्येक बांधाला जादा पाण्यासाठी वाट हवी. सांडव्याची पातळी बांधाच्या माथ्यापेक्षा खाली असावी व त्यातून पडणारे पाणी दगडांवर किंवा गवतावर पडावे, उघड्या मातीवर पडू नये. नवीन मातीचा बांध पहिल्या पावसात खचतो, म्हणून त्याला सुरुवातीला थोडी जादा उंची द्यावी लागते. बांधावर खस किंवा स्थानिक गवत लावल्यास माती धरून राहते.

५) शेततळ्याचा हिशेब : ३० × ३० × ३ मीटर आकाराच्या व १:१ बाजू-उताराच्या शेततळ्यात सुमारे २१.९६ लाख लिटर पाणी मावते. परंतु तेवढे पाणी वाहून येण्याइतके क्षेत्र वरच्या बाजूला आहे काय, हे आधी पाहावे लागते. वाहते पाणी येणार नाही अशा जागी तळे खोदून ते विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्याने भरणे म्हणजे जमिनीखालचे पाणी वर काढून उन्हात ठेवणे होय. पाणी किती येईल, किती उडून जाईल आणि किती पिकाला मिळेल, हा हिशेब प्रशिक्षकासमोर बसून स्वतःच्या आकड्यांनी करून घ्यावा.

प्रशिक्षण कोठे मिळते?

कृषी विज्ञान केंद्र : शेतकऱ्यासाठी सर्वांत जवळचे ठिकाण हेच. देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे सुरू झाले. आज आपल्या राज्यात बहुतेक ग्रामीण जिल्ह्यांत एक व काही मोठ्या जिल्ह्यांत दोन केंद्रे आहेत. केंद्रावर तसेच गावात जाऊनही लहान मुदतीचे वर्ग घेतले जातात. वर्षाचा प्रशिक्षण कार्यक्रम आधी ठरत असल्याने केंद्रात जाऊन मृद व जलसंधारणाचा वर्ग कधी आहे, हे विचारावे. वर्ग नसेल तर गावातील २० ते २५ शेतकऱ्यांच्या सहीचे पत्र देऊन मागणी नोंदवावी. मागणी लेखी असली तर केंद्रालाही कार्यक्रम आखणे सोपे जाते.

कृषी विद्यापीठे : राज्यातील चारही कृषी विद्यापीठांचे काम आपापल्या भागातील जमीन व पाऊस लक्षात घेऊन चालते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सोलापूर येथील केंद्रात कोरडवाहू शेतीवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. सोलापुरात या विषयाच्या संशोधनाची सुरुवात १९३० च्या दशकातच झाली होती. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने विहीर व कूपनलिका पुनर्भरणाच्या पद्धतीचा प्रसार केला आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला विदर्भातील काळ्या जमिनी व खारपाणपट्ट्याच्या प्रश्नांचा अनुभव आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कोकण विजय बंधारा व जलकुंड यांसारखे कमी खर्चाचे उपाय दिले आहेत. शिवार फेरी, किसान मेळावे यांच्या वेळी ही प्रात्यक्षिके प्रत्यक्ष पाहता येतात.

कृषी विभाग व आत्मा : आत्मा यंत्रणेमार्फत शेतीशाळा, प्रशिक्षण वर्ग व अभ्यासदौरे घेतले जातात. गटाने नोंदणी केली असल्यास मागणी करणे सोयीचे जाते. यासाठी आपल्या गावाचे सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा तालुका कृषी अधिकारी कार्यालयाशी संपर्क साधावा. शेतीशाळेचा विशेष फायदा असा की, ती एका दिवसात संपत नाही. हंगामभर ठराविक दिवसांनी त्याच शेतावर भेटी होतात, त्यामुळे बांध पावसात कसा टिकला हेही पाहता येते.

वाल्मी : छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजेच वाल्मी, १९८० मध्ये स्थापन झाली. सिंचनाचे पाणी, त्याचे वाटप व जमिनीची निगा हे तिचे मुख्य विषय आहेत. कालव्याच्या लाभक्षेत्रातील पाणी वापर संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी या संस्थेकडे जरूर चौकशी करावी. जादा पाण्याने चिबड व खारवट होणारी जमीन वाचविणे हेदेखील मृदसंधारणच आहे, हे बागायतदारांनी विसरू नये.

स्वयंसेवी संस्था : वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही १९९३ मध्ये स्थापन झालेली संस्था पाणलोट विकासाचे प्रशिक्षण देत आली आहे. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे तिचे प्रसिद्ध कार्यक्षेत्र आहे. पानी फाउंडेशनने २०१६ ते २०१९ या काळात वॉटर कप स्पर्धेच्या निमित्ताने गावकऱ्यांना निवासी प्रशिक्षण दिले. त्या वेळी शिकून आलेले स्त्री-पुरुष आज अनेक गावांत आहेत. आपल्या पंचक्रोशीत असे कोणी असल्यास त्यांच्याकडून नळीने उतार मोजणे एका दुपारी शिकता येईल.

पाहण्यासारखी गावे : अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी व हिवरे बाजार ही गावे सर्वपरिचित आहेत. हिवरे बाजारात पडलेल्या पावसाचा ताळेबंद गावासमोर मांडून पिके ठरविली जातात. जालना जिल्ह्यातील कडवंची गावी पाणलोटाच्या कामांनंतर द्राक्षशेती वाढली. अशा गावी गेल्यावर केवळ भरलेले बंधारे पाहून परत येऊ नये. देखभाल कोण करते, खर्च कोण देतो, पाणी कमी पडले तर कोणते पीक सोडायचे हे कसे ठरते, असे प्रश्न विचारावेत. खरे शिक्षण त्या उत्तरांत आहे.

डेहराडून येथील भारतीय मृदा व जलसंधारण संस्थेत मुख्यतः अधिकारी व तंत्रज्ञांचे वर्ग होतात. शेतकऱ्याने एवढ्या दूर जाण्याची गरज नाही. जवळचे केंद्र गाठावे.

जाण्यापूर्वी तयारी

रिकाम्या हाताने गेलेला प्रशिक्षणार्थी भाषण ऐकून येतो, आपल्या शेताचा प्रश्न घेऊन गेलेला उत्तर घेऊन येतो. यासाठी पुढील गोष्टी बरोबर न्याव्यात :

• वहीच्या पानावर काढलेला शेताचा कच्चा नकाशा. त्यात बांध, विहीर, ओघळ, झाडे दाखवावीत. पाणी कोठून येते व कोठून बाहेर जाते, ते बाणाने दाखवावे.
• माती परीक्षण अहवाल व जमिनीची खोली. विहिरीच्या कडेला किंवा खड्डा घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो, ते पाहावे.
• पाणी साचते, माती खरवडते किंवा पीक दरवर्षी हलके येते अशा जागांची नोंद.
• बांध पूर्वी फुटला असल्यास कोठे, कोणत्या वर्षी व किती पावसात फुटला, याची माहिती.

कोणी जावे?

एका शेतकऱ्याने एकट्याने जाण्यापेक्षा एकाच ओघळीवर शेते असलेल्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून जावे. माथ्यावरचा शेतकरी जे करतो त्याचा परिणाम पायथ्याच्या शेतकऱ्याला भोगावा लागतो. दोघांनी एकाच वर्गात एकच गोष्ट ऐकली तर सांडव्याचे पाणी कोणत्या बाजूने काढायचे, यावर परतल्यावर वाद होत नाही. ज्या शेजाऱ्याशी बांधावरून बोलणे बंद आहे, त्यालाही निमंत्रण द्यावे. नळीतील पाण्याची पातळी दोघांनी मिळून वाचली की कोण बरोबर हा प्रश्न उरत नाही. पातळी कोणाची बाजू घेत नाही.

घरातील महिलांनाही पाठवावे. सरी फोडणे, बांधावर गवत लावणे, पाणी देणे ही कामे बहुतेक घरांत त्याच करतात. पाऊस चालू असताना बांधाला लागलेली गळती पुष्कळदा त्यांनाच आधी दिसते. तरीही प्रशिक्षणाला घरातील पुरुषच जातो. कृषी विज्ञान केंद्राच्या वर्गासाठी सातबाऱ्यावर नाव असलेच पाहिजे असे नाही.

परत आल्यावर काय करावे?

शिकलेले ज्ञान एका हंगामात वापरले नाही तर विसरते. म्हणून प्रशिक्षण शक्यतो रब्बीची काढणी उरकल्यावर व उन्हाळी कामांपूर्वी घ्यावे आणि पुढील क्रम पाळावा :

१) परतल्यावर आठ दिवसांत नळीने शेताचा उतार मोजून समपातळी रेषा आखाव्यात.

२) ‘माथा ते पायथा’ हे तत्त्व पाळून वरच्या भागातील कामे आधी करावीत. वरून येणारे पाणी अडविल्याशिवाय खाली मोठा बंधारा बांधल्यास तो गाळाने लवकर भरतो.

३) मातीकामे मेअखेर पूर्ण करावीत. यंत्र बोलावण्यापूर्वी फक्कीच्या रेषा आखलेल्या असाव्यात. चालकाला रेषेवर काम करावयास सांगावे, त्याच्या अंदाजावर सोडू नये.

४) पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत शेतात जाऊन पाणी कोठे तुंबते व कोठून फुटू पाहते, ते पाहावे व लगेच दुरुस्ती करावी. त्या वेळी टाकलेली चार पाट्या माती पुढचे मोठे नुकसान वाचविते.

५) पावसाची तारीख, मि.मी. व विहिरीची पातळी यांची नोंद ठेवावी. दोन वर्षांच्या नोंदी घेऊन पुन्हा केंद्रात गेल्यास शास्त्रज्ञालाही अधिक नेमका सल्ला देता येतो.

सारे शेत एकाच वर्षी करण्याचा आग्रह धरू नये. सर्वांत जास्त धूप होणारा एक तुकडा निवडून तो नीट करावा. तो टिकला की शेजारी आपोआप पाहावयास येतात आणि आपल्या शेताचेच प्रात्यक्षिक होते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, बियाणे चुकले तर एका हंगामाचे नुकसान होते, माती गेली तर ते पुढच्या पिढीला भोगावे लागते. तेव्हा या वर्षी यंत्राचे भाडे ठरविण्यापूर्वी आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात एक चक्कर मारावी, वर्गाची तारीख विचारावी आणि खालच्या बांधावरच्या शेजाऱ्यालाही ती सांगावी. पुढच्या मृगात ओघळीचे पाणी दोघांनी मिळून पाहावे. ते जितके नितळ, तितके आपले प्रशिक्षण सार्थकी लागले, असे समजावे.